वाऱ्याचे वजनमाप

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि लेथकाम जाणणारे हात पुष्कळ आहेत. तिकडे निपाणीवरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. त्यावरून धावणाऱ्या गाड्यांची इंजिने उघडून पुन्हा जोडण्याचे कामही या टापूत नित्याचे आहे. अशा कामात एखादा कारागीर सिलिंडर-हेडमधील हवेची वाट घासून मोकळी करावयास घेतो, तेव्हा त्याचे मन साशंक असते. घासून गेलेला धातू परत येत नाही. आणि वाट खरोखरच अधिक हवा सोडू लागली, की नुसती रुंद झाली, हे डोळ्यांना कळत नाही. ते कळावे म्हणून फ्लो बेंच हवा.

घरी उभारण्याजोगा फ्लो बेंच म्हणजे एक हवाबंद लाकडी पेटी, व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन-चार मोटारी आणि वर बसविलेले हेड. मोटारी हवा ओढतात, व्हॉल्व्ह मिलीमीटर-मिलीमीटरने उघडला जातो. दाबातील फरक बहुधा २८ इंच पाण्याचा, म्हणजे सुमारे ७११ मिलीमीटरांचा, ठेवतात. एवढे बहुतेकांना साधते. खरा प्रश्न पुढे येतो : वाहिलेली हवा मोजावयाची कशाने?

पितोची नळी सर्वांत स्वस्त. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने ती १७३२ साली योजिली. पण ती एकाच बिंदूवरचा वेग सांगते, आणि नळकांड्याच्या मध्याशी असलेला वेग कडेला नसतो. शिवाय सेकंदाला ४ मीटर वेगाच्या हवेत पाणी जेमतेम १ मिलीमीटर चढते. व्हॉल्व्ह थोडासाच उघडा असताना तिच्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे.

आधुनिक मोटारीच्या हवानळीतील तप्त तारेचा सेन्सर याबाबतीत सरस. तार तापलेली ठेवण्यास किती वीज लागते, यावरून तो हवेचे वजनच सांगतो, आणि मंद प्रवाहातही जागा असतो. मात्र त्याला स्वतःचेच नळकांडे आणि सरळ येणारी हवा लागते. भोवरा त्याला फसवितो. तारेवर धूळ बसली तरी आकडा सरकतो, हे तंबाखूच्या वखारींशेजारी दुकान थाटणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावे.

तिसरा मार्ग धारदार कडेच्या भोकाची चकती. भोकाच्या दोन्ही अंगांच्या दाबांतील फरकावरून प्रवाह काढावयाचा. प्रवाह निम्मा झाला की हा फरक चौथाईवर येतो, दशांश झाला की शतांशावर. म्हणून एकाच चकतीवर भागत नाही. लहानमोठ्या चार-पाच हव्यात, आणि पाण्याची नळी दहास एक या चढाने तिरपी हवी, म्हणजे १ मिलीमीटरचे १० दिसतात. पाण्याऐवजी विजेवर चालणारा दाबाचा सेन्सर घेतल्यास त्याची कमाल मर्यादा आधी पाहावी. २८ इंचांसाठी १० किलोपास्कलांचा ठीक. पण चकतीवर तो फार मोठा. ५ किलोपास्कलांच्या सेन्सरात कमाल मर्यादेच्या १ टक्का चूक म्हणजे ५ मिलीमीटर पाणी. मोजावयाचा फरकच २० मिलीमीटर असेल तर प्रवाहाचा आकडा आठव्या हिश्श्याने चुकतो! दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही.

चकतीचा मोठा गुण निराळाच आहे. हेड आणि चकती दोन्ही एकाच हवेतून काम करतात, त्यामुळे हवा विरळ असो वा दाट, त्यांचे परस्परप्रमाण जवळजवळ तेच राहते. तारेचे तसे नाही. समजा, एप्रिलच्या दुपारी ३६ अंशांत मोजलेले हेड जुलैच्या झडीत २३ अंशांत पुन्हा मोजले. कानसही न लावता तारेचा सेन्सर सुमारे २ टक्के वाढ दाखवील. कित्येकदा महिनाभराच्या घासकामाची कमाई तेवढीच असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. म्हणून पणजीत घेतलेला आकडाही येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

याचा अर्थ तप्त तार टाकाऊ असा नव्हे. अडत्या माल तोलण्यापूर्वी काटा पाहतो, तसे रोज काम सुरू करताना हेडच्या जागी ठरलेल्या भोकाची एक चकती बसवावी आणि त्या दिवशीचा आकडा तिच्या प्रमाणात लिहावा. अशी चकती बेळगावातील कोणीही चांगला लेथवाला कातून देईल. तिची कड पॉलिश कागदाने गोल करू देऊ नये. भोकाचा व्यास तिच्यावरच कोरून घ्यावा आणि काम झाल्यावर ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून, इतर हत्यारांपासून दूर ठेवावी.