मदतीची खिडकी आणि परत गेलेले विद्यार्थी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी याच इमारतीत तीन वर्षे भूमिती शिकलो. या व्यासपीठावरून आजवर इतिहासकार बोलले, कवी बोलले, एक निवृत्त न्यायमूर्तीही बोलून गेले. त्या पंक्तीत आज माझे पान मांडले गेले आहे याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. मी विद्वान नाही. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात १९८९ पासून २०१७ पर्यंत नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे एका खिडकीमागे बसून काढली. विद्यार्थ्याचा संगणक चालेनासा झाला, परवलीचा शब्द विसरला, लिहिलेला निबंध नाहीसा झाला, की तो त्या खिडकीशी येई. आज त्या खिडकीविषयीच बोलणार आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम घेत नाही. जी चूक सांगणार आहे ती माझ्या हातची आहे, तिचा डाग संस्थेवर नको.

माझ्या पिढीतल्यांना आठवत असेल, मधल्या सुट्टीत सर व्हरांड्यातल्या बाकावर बसत. कोणीही वही घेऊन जावे. पण प्रश्न पुढे केला की ते उत्तर देत नसत. म्हणत, "कुठपर्यंत कळलं, ते सांग आधी." आम्हांला त्याचा राग येई. उत्तर दोन ओळींचे असताना हे आपल्याला पहिल्यापासून का बोलायला लावतात, असे वाटे. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे फार उशिरा, आणि तोही एका शिक्षिकाबाईंना परत पाठविल्यानंतर कळला.

खिडकी हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरत नाही. संगणकाच्या आरंभकाळात यंत्र आत, थंड खोलीत असे आणि विद्यार्थी बाहेर. आज्ञावली कार्डांवर छिद्रे पाडून तयार करायची, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि छापील कागद हाती येईपर्यंत थांबायचे. एक स्वल्पविराम चुकला तर कागदावर केवळ चूक दाखविलेली असे. पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. आपल्या देशात कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये १९६३ साली आय. बी. एम. १६२० हा संगणक आला आणि तेथे विद्यार्थी आज्ञावली लिहायला शिकू लागले.

ही रांग मोडण्याचे श्रेय अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयातील दोन गणितज्ञांकडे जाते. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ. केमेनी मूळचे हंगेरीचे. तरुणपणी आइन्स्टाइनचे गणितातील साहाय्यक होते. या दोघांनी बेसिक ही सोपी संगणकभाषा रचली आणि एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे अशी व्यवस्था उभी केली. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास ती प्रथम चालली. मला यातली एक गोष्ट विशेष वाटते. त्या व्यवस्थेचे बरेचसे काम पदवीपूर्व वर्गातल्या मुलांनी केले होते. आणि ती व्यवस्था केवळ गणितवाल्यांसाठी नव्हती. साहित्य, इतिहास शिकणाऱ्यालाही ती खुली होती. ग्रंथालयात जाऊन कपाटातले पुस्तक काढावे, इतक्या सहजपणे विद्यार्थ्याने संगणकाशी बसावे, अशी त्यांची दृष्टी होती.

बडोद्यात उभे राहून ग्रंथालयाचे नाव घेतले की महाराजांची आठवण येणारच. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात ग्रंथालये उभारविली. पण केवळ इमारती बांधून ते थांबले नाहीत. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव पाठविण्याची व्यवस्था झाली. ज्याला शहरातल्या ग्रंथालयाची पायरी चढणे जमणार नाही त्याच्याकडे पेटी जाई. कपाट उघडे ठेवणे ही एक गोष्ट आणि पेटी पाठविणे ही दुसरी. आमच्या खिडकीचे दुखणे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होते.

तंत्राच्या बाजूने पाहिले तर पुढचा मोठा टप्पा मॅसॅच्युसेट्समधील एम. आय. टी.चा. १९८३ साली तेथे अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि १९९१ पर्यंत चालला. विद्यार्थ्याने आवारातल्या कोणत्याही संगणकाशी बसावे आणि त्याचे स्वतःचे कागद तेथे उघडावेत, ही कल्पना. मग प्रश्न आला, हा तोच विद्यार्थी कशावरून? परवलीचा शब्द तारांवरून उघडा धाडला तर वाटेत कोणीही टिपून घेईल. त्यावर त्यांनी कर्बेरस ही पद्धत काढली. शब्द तारेवर जातच नाही. एक मध्यवर्ती यंत्र ठरावीक वेळेपुरते संकेतबद्ध तिकीट देते आणि ते दाखवून पुढची दारे उघडतात. ग्रीकांच्या पाताळाच्या दाराशी बसलेला तीन डोक्यांचा कुत्रा म्हणजे कर्बेरस. आपल्या यमाचेही दोन श्वान आहेत, पण त्यांना अजून कोणी संगणकाच्या कामावर लावलेले नाही. ही पद्धत आजही जगभरच्या कचेऱ्यांत चालते.

अथेनात आणखी एक सोय होती, जिचे कौतुक कमी झाले. विद्यार्थ्याने जागेवर बसूनच प्रश्न लिहायचा. तो त्या वेळी मोकळ्या असलेल्या साहाय्यकाकडे जाई आणि दोघांचे लिहून बोलणे सुरू होई. खिडकीपर्यंत चालत येण्याची गरज संपली. परंतु प्रश्न लिहिता येण्याची गरज उरलीच. ती आमच्याकडे कशी नडली ते आता सांगतो.

आमच्या खिडकीवर एक आवकवही असे. नाव, विभाग, तक्रार, काय केले, आणि शेवटच्या रकान्यात 'निकाली' किंवा 'प्रलंबित'. वार्षिक अहवालात निकालांची बेरीज द्यावयाची. बेरीज नेहमीच चांगली येई.

२०११ साली एका सोमवारी मराठी विभागाच्या एक संशोधक विद्यार्थिनी आल्या. विद्यार्थिनी म्हणतो, पण वयाने चाळिशीच्या, एका शाळेत शिक्षिका. नोकरी सांभाळून प्रबंध करीत होत्या. हातात एक तबकडी. ती संगणकात घातली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, अर्धविराम यांचा नुसता सडा. मला कारण दिसताक्षणी कळले. मजकूर जुन्या धाटणीच्या मराठी फाँटमध्ये होता आणि तो फाँट आमच्याकडे नव्हता. मी म्हणालो, "ताई, हे बाहेर टाइप केलेलं आहे. आमच्या नियमात बसत नाही. तुमच्या टंकलेखकाकडे जा, तो करून देईल." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मी वहीत लिहिले: 'माहिती दिली. निकाली.'

एकोणीस दिवसांनी मराठीच्या प्राध्यापकांचा दूरध्वनी आला. परीक्षकांनी सुचविलेल्या दुरुस्त्या करून प्रबंधाची छापील आणि संगणकीय अशा दोन्ही प्रती द्यावयाच्या होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून अशी संगणकीय प्रत आवश्यक झाली आहे. ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात जाते. मुदतीला बारा दिवस उरले होते. टंकलेखकाने दुकान केव्हाच बंद केले होते. त्याचा फाँटही असा, की संगणकाच्या पाठीला एक छोटे कुलूपयंत्र लावल्याशिवाय चालतच नसे. बाई शाळा सुटल्यावर रात्री स्वतः सारा प्रबंध नव्याने टाइप करीत होत्या. तीनशे चाळीस पानांपैकी एकशे बारावर आल्या होत्या. दुकान बंद झाल्याचे त्यांनी मला का सांगितले नाही? कारण मी विचारले नव्हते. तक्रार संगणकाच्या भाषेत कशी मांडावी हे त्यांना ठाऊक नव्हते आणि खिडकीमागचा माणूस शहाणा असणार असे त्या धरून चालल्या. त्या आमच्या वहीत निकाली होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांना बोलावून घेतले. केंद्रात काम करणारे दोन विद्यार्थी-साहाय्यक होते, एक मल्याळी मुलगा आणि एक गुजराती मुलगी. दोघांनाही मराठी येत नव्हते. त्यांनी रूपांतराची आज्ञावली लिहायला घेतली. येथे थोडे तांत्रिक बोलतो, कारण मराठी माणसाने हे जाणून घ्यायला हवे. जुने फाँट म्हणजे वेषांतर होते. संगणक इंग्रजी अक्षरच साठवी, फक्त पडद्यावर त्या जागी देवनागरीचा तुकडा रंगवी. फाँट काढला की वेष उतरला. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली मानक ब्यूरोने प्रसिद्ध केले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. पण छपाईच्या दुकानांत वेषांतर पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. रूपांतर म्हणजे केवळ अक्षरास अक्षर नव्हे. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर साठवतात. रफार तेथे शेवटी, येथे आधी.

दोन रात्रींत मुलांनी ते जमविले. पडद्यावर मराठी उमटले तेव्हा टाळ्या वाजल्या. बाई मात्र वाचत राहिल्या आणि एका ओळीशी थांबल्या. त्यांचा विषय जुन्या घराण्यांतील जेवणावळींच्या नोंदींचा. ओळ अशी होती, की मुदपाकखान्यातील आचार्यांना वर्षाकाठी दोन धोतरजोड्या मिळत. बाई म्हणाल्या, "अहो, हे आचारी आहेत. आचाऱ्यांना. तुमच्या यंत्रानं त्यांना आचार्य करून टाकलंय."

मला हसू आले आणि लगेच घाम फुटला. 'आचाऱ्यां'मधला र आणि 'आचार्यां'मधला र यांचा भेद मुलांच्या तक्त्यात नव्हता. दोन्ही एकाच रफारात गेले होते. सगळ्या दऱ्यांचे दर्या झाले होते, साऱ्या तऱ्हा बिघडल्या होत्या. मी जन्माने मराठी, भूमिती सरांचा विद्यार्थी, आणि माझ्याही डोळ्यांना ते दिसले नव्हते. मग त्या खुर्ची ओढून खिडकीच्या आतल्या बाजूला बसल्या. गुजराती मुलगी प्रत्येक दुरुस्तीआधी त्यांना विचारी, "मॅडम, यात काय वेगळं आहे?" आणि त्या फळ्यावर शिकवावे तसे सांगत. तीन संध्याकाळी हे चालले. मुदतीला दोन दिवस असताना प्रबंध दाखल झाला.

त्यानंतर मी दुसरी वही घातली. तिचे नाव 'परत गेलेल्यांची वही'. ज्याला आम्ही नाही म्हटले, जो रांगेतून निघून गेला, जो प्रश्न अर्धवट सोडून "राहू द्या" म्हणाला, त्याची नोंद. वरिष्ठांना ती आवडली नाही. अहवालात तिला रकाना नव्हता. पण वर्षभरात त्या वहीतून जे दिसले ते आवकवहीतून कधी दिसले नव्हते. परत जाणाऱ्यांत देशी भाषांच्या विभागांतले विद्यार्थी अधिक होते. वसतिगृहातली मुले होती, ज्यांच्या मेसची आणि आमच्या खिडकीची वेळ एकच होती. फॉर्म इंग्रजीत असल्यामुळे तो हातात घेऊन तसाच खाली ठेवणारी मुले होती.

तेव्हा आम्ही महाराजांची पेटी काढली. दर गुरुवारी दोघे साहाय्यक एक संगणक घेऊन मराठी आणि हिंदी विभागांच्या ओसरीवर बसू लागले. मंगळवारी रात्री वसतिगृहाच्या भोजनगृहात. फॉर्म काढून टाकला. साहाय्यकांना दोनच गोष्टी शिकविल्या. विद्यार्थी परवलीचा शब्द टाइप करीत असताना मान दुसरीकडे वळवायची, आणि यंत्राला हात लावण्याआधी विचारायचे, "तुम्ही पहिल्यापासून काय काय केलंत, सांगा." ते वाक्य शिकवताना मला व्हरांड्यातला बाक दिसे. उत्तर नेहमीच यंत्रात सापडत नसे. एका मुलाचा लॅपटॉप वारंवार बंद पडे. पहिल्यापासून बोलता बोलता कळले, की तो भावाचा होता आणि भाऊ दिवसा दुकानात वापरी, त्यामुळे विजेरी भरायला वेळच मिळत नसे. त्याला आम्ही वाचनालयातल्या संगणकाची संध्याकाळची जागा राखून दिली.

२०२० च्या मार्चमध्ये सर्वत्र खिडक्याच बंद झाल्या. मी निवृत्त झालो होतो, तरी सहकाऱ्यांच्या विनंतीवरून घरून दूरध्वनी घेत असे. ज्यांच्याजवळ प्रश्न मांडण्यापुरतेही जाल नव्हते ते कोठून फोन करणार? त्या महिन्यांत आम्ही वर्गाच्या हजेरीपटावरून उलट फोन लावत गेलो. परत गेलेल्यांची वही तेव्हा तशीच तोंडी चालू होती.

आता अनेक विद्यापीठांत पहिले उत्तर यंत्रच देते. रात्री दोन वाजताही देते, कंटाळत नाही, आणि परवलीचा शब्द विसरलेल्याला ते पुरेही पडते. मी त्याची निंदा करणार नाही. मात्र एका तरुण सहकाऱ्याने त्याच्या कामाचा तक्ता मोठ्या हौसेने दाखविला तेव्हा मी शेवटचा रकाना पाहिला. 'निकाली' होता. ज्यांनी एक वाक्य लिहून पडदा मिटला ते कोठे नोंदविता, असे विचारले. तो म्हणाला, "काका, तेही निकालीतच धरतात."

आमची ती वही मी सोबत आणली आहे. नावांवर कागद चिकटवून ती शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. येथील नव्या संगणक कक्षासमोरच्या व्हरांड्यात, सर बसत तो बाक अजून आहे, हे मी आत येताना पाहिले. मुख्याध्यापकबाईंनी परवानगी दिली आहे. येत्या शनिवारपासून मधल्या सुट्टीत मी तेथे बसेन. कोणत्याही इयत्तेच्या मुलांनी यावे, नीट प्रश्न सुचला नसेल तरी यावे.