झोपेत गाठणारा खुनी



एकेका तरुणाला गाठून मारणाऱ्या खुन्याचे चित्रपट हॉलिवूडमध्ये १९७८च्या ‘हॅलोवीन’नंतर भराभर निघाले. त्या खुन्यांपासून जीव वाचवायला निदान पळता तरी येई. १९८४ साली वेस क्रेव्हन यांनी ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ काढला आणि ती वाटही बंद केली. त्यांचा फ्रेडी क्रूगर केव्हाच मेलेला आहे. तो स्वप्नात येतो आणि स्वप्नातला वार अंगावर खराखुरा उमटतो. गाव सोडता येईल, पण झोप किती दिवस टाळणार?

क्रेव्हन यांना ही कल्पना वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून सुचली. आग्नेय आशियातून अमेरिकेत आलेले काही निर्वासित झोपेतच दगावले होते आणि कारण कळत नव्हतं.

चित्रपटातला न्हाणीघराचा प्रसंग पाहा. नायिका नॅन्सीचा टबातच डोळा लागतो. फेसाळ पाण्यातून, तिच्या दोन गुडघ्यांमधून, बोटांना पाती लावलेला हातमोजा सावकाश वर येतो. तेवढ्यात आई दार ठोठावते आणि तो पाण्याखाली जातो. आई बाहेरून बजावते, टबात झोपू नकोस. गरम दूध तयार आहे, ते घे आणि अंथरुणावर पड. रक्ताचा थेंब नाही, तरी अंगावर काटा येतो, कारण आईची माया पोरीला नेमकी फ्रेडीच्याच तावडीत ढकलते आहे.

भीतीचं खरं मूळ इथेच आहे. क्रूगर लहान मुलांना मारायचा. कायद्याच्या त्रुटीमुळे सुटला, तेव्हा गल्लीतल्या आईबापांनीच त्याला जिवंत जाळलं आणि गोष्ट दडपली. त्याचा सूड आता मुलांवर उगवतो आहे. आई काळजीपोटी खिडक्यांना गज बसवते. त्याच गजांमुळे नॅन्सी घरात कोंडली जाते.

रामसे बंधूंनी ‘महाकाल’मध्ये पात्यांचा हातमोजा आणि स्वप्नातला खुनी हिंदीत आणला. खुद्द हॉलिवूडने पुढच्या भागांत फ्रेडीला विनोद करायला लावलं. लोक त्याच्या कोट्यांची वाट पाहू लागले आणि दहशत ओसरली.

भूत कितीही अचाट असो, त्याला एक पक्का नियम हवा आणि त्याच्यामागे माणसाचं एखादं पाप हवं. पहिल्या भागात दोन्ही आहेत. फ्रेडीची ओळख करून घ्यायची असेल, तर तोच आधी पाहा.