किल्ली ज्याच्या त्याच्या कामापुरती
(सहायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज थोडे संगणकाविषयी बोलणार आहे; पण विषय माणसांचाच आहे.

आमच्या वसतिगृहातील मुलांच्या नोंदी पूर्वी वहीत असत. वही कपाटात, कपाटाची किल्ली वॉर्डनताईंकडे. नोंदी संगणकावर आल्या आणि आम्ही सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन मोकळे झालो. मग एकदा शिष्यवृत्तीची यादी काढताना एका स्वयंसेवकाने अख्खा तक्ताच छापला. त्यात सिकलसेलचा रकाना होता. यादी पाड्यावर फिरली. एका मुलीचा आजार साऱ्यांना कळला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. मी दोनदा घरी गेलो. आई एवढेच म्हणाली, "दादा, विश्वासानं तुम्हाला सांगितलं होतं."

दोष त्या स्वयंसेवकाचा नव्हता. दार आम्हीच सताड उघडे ठेवले होते.

आता आम्ही पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली वापरतो. तिच्यात नव्या वापरकर्त्याला आपल्या तक्त्यांवर आपोआप हक्क मिळत नाही. 'ग्रँट' या आज्ञेने तो द्यावा लागतो. वाचणे, नवी नोंद घालणे, बदलणे आणि पुसणे हे हक्क वेगवेगळे आहेत. शिक्षकांना हजेरी लिहिता येते, पुसता येत नाही. आरोग्यसेविकेला आजारांचा तक्ता दिसतो, देणग्यांचा नाही. कार्यालयाला 'व्ह्यू' म्हणजे जणू एक खिडकी दिली आहे. तिच्यातून नाव, इयत्ता आणि शाळा एवढेच दिसते; मागचा मूळ तक्ता उघडता येत नाही. कोणी काम सोडले की 'रिव्होक' करून हक्क त्याच दिवशी काढून घेतो.

आमची एक चूक तुम्ही करू नका. आम्ही आधी संपूर्ण तक्ता वाचायला दिला आणि नंतर आजाराच्या रकान्यापुरता हक्क काढला. रकाना दिसतच राहिला! पूर्ण तक्त्याचा हक्क आधी काढावा लागतो आणि मग हवे तेवढेच रकाने द्यावे लागतात.

तुमच्या मंडळीतही आजाऱ्यांची, मदत घेणाऱ्यांची यादी असेल. ती कोणाकोणाला दिसते आणि कशासाठी, एवढे जरूर विचारा. त्या नोंदींचे आपण मालक नाही, कारभारी आहोत.

त्या मुलीची खाट आम्ही अजून कोणाला दिलेली नाही.