आखडलेले स्नायू आणि मर्दन

सुरतेच्या वराछा आणि कतारगाम भागांतील हिऱ्यांच्या कारखान्यांत एका घंटीभोवती चौघे कारागीर बसतात. फिरत्या चकतीवर हिरा धरावयाचा, उचलून भिंगातून न्याहाळावयाचा आणि पुन्हा चकतीवर टेकवावयाचा, असे काम दिवसभर चालते. तिकडे लिंबायत, उधना या वस्त्यांत आपली खानदेशी मंडळी मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील पुष्कळजण यंत्रमागांपुढे उभे राहून, तुटलेले धागे सांधीत पाळी पुरी करतात. एकाचे काम बैठे, दुसऱ्याचे उभ्याने. परंतु मान, खांदे वा कंबर आखडल्याची तक्रार दोघांचीही असते.

वास्तविक हिऱ्याला वजन ते कितीसे! मग खांदा का दुखावा? चालताना पायाचे स्नायू आकुंचन पावतात आणि लगेच सैल होतात. त्यामुळे त्यांत रक्त खेळते राहते. उलट, मान झुकवून तासन्‌तास बसले म्हणजे मानेमागचे स्नायू सतत ताणलेले राहतात, आतील बारीक रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू अपुरा पडतो आणि वेदना सुरू होते. वेदनेमुळे स्नायू आणखी आवळला जातो.

हे चक्र काही काळ थांबविण्याचे सामर्थ्य मर्दनात आहे. चरकसंहितेत अभ्यंगाचे गुण सांगताना गाडीच्या आसाला घातलेल्या वंगणाचा दृष्टांत दिला आहे. दिवाळीतील अभ्यंगस्नान, बाळ-बाळंतिणीचे तेल लावणे, तालमीतील मल्लांची मालीश, या साऱ्यांतून ही विद्या आपल्या घरांत टिकून आहे.

मर्दनाचा क्रम सोपा आहे. प्रथम कोमट तेलाचा हात सपाट ठेवून मानेपासून खांद्यापर्यंत सावकाश फिरवावा. नंतर कणीक तिंबावी तसा खांद्याचा मांसल भाग बोटांत धरून हळूहळू मळावा. जेथे गाठ लागते तेथे अंगठ्याने बेताचा दाब देऊन क्षणभर थांबावे. शेवटी पुन्हा सपाट हात फिरवावा. दाब सुखावह वाटला पाहिजे. माणूस श्वास रोखू लागला, तर तो जास्त झाला असे समजावे.

चोळल्याने स्नायूंत साठलेले आम्ल धुऊन निघते, अशी एक समजूत आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात व्यायामानंतर मर्दन केलेल्या स्नायूंची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत लॅक्टिक आम्लावर काही परिणाम आढळला नाही. मात्र दाह वाढविणाऱ्या क्रिया मंदावल्याचे दिसले. म्हणजे गुण येतो तो खरा, पण आपण समजतो त्या कारणाने नव्हे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय अनेकांस असते. ती सोडावी. अशा हिसक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. ताप, ताजी दुखापत किंवा एकाच पोटरीला आलेली सूज असताना मालीश करू नये. हाताला मुंग्या येत असतील वा पकड सैल पडत असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

आणि मर्दनाचा आराम काही तासांचा. दुसऱ्या दिवशी तीच बैठक, तीच झुकलेली मान! मोबदला नगावर मिळत असल्याने कारागिराला उठणे महाग वाटते. तथापि अर्ध्या तासाने मिनिटभर उभे राहून खांदे फिरविले, तर त्यात गमावलेल्या वेळेहून पुष्कळ अधिक पदरात पडते. बैठकीची उंची बेताची ठेवणे आणि ही उसंत देणे, हे मालकांचेही कर्तव्य आहे. ज्या हातांवर घर चालते, ते हात चाळिशीतच निकामी होऊ नयेत, एवढी काळजी दोघांनी मिळून घ्यावी.