जुन्या स्नेअर ड्रमची ओळख आणि मोल

(बँडवादक व शाळांतील संगीतशिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता फार लहान आहे. शाळेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या जडसंग्रह नोंदवहीत ‘साइड ड्रम, जुना, नग एक’ अशी एक ओळ असते. वाद्य बिघडले, की पुढेमागे त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव होतो आणि ते मोडीच्या दुकानात वजनावर जाते. बँडचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांतही कर्ता वादक निवर्तला, की हेच घडते. ज्या वस्तूची ओळख पटलेली नाही तिचे मोल करता येत नाही, आणि मोल ठाऊक नसताना केलेल्या व्यवहारात विकणाराच नागवला जातो. म्हणून जुना ड्रम हाती आला असता त्याच्याकडे कसे पाहावे, याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवणार आहे.

स्नेअर ड्रम हे दोन तोंडांचे वाद्य आहे. मधल्या पोकळ नळकांड्याला कारागीर ‘शेल’ म्हणतात; ते लाकडाचे किंवा धातूचे असते. वरच्या तोंडावर काठ्यांचा आघात होतो आणि खालच्या तोंडाला लागून ताणलेल्या तारा त्या आघाताबरोबर थरथरतात. त्यामुळे जो कडकडीत, खरखरता नाद उमटतो तीच या वाद्याची खूण. आपला ताशाही काड्यांनी वाजतो आणि तितकाच कडाडतो; परंतु त्याला एकच तोंड असते व अशा तारा नसतात.

हे वाद्य आपल्याकडे इंग्रजी पलटणींबरोबर आले. त्या लष्करी ड्रमांना दोरीचा ताण असे. दोरीवरील चामडी पट्टे खाली सरकवले, की पुडी ताणली जाई. ढोलकीच्या दोरीतील कड्या सरकवणाऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. पुढे दोरीच्या जागी धातूचे आटेदार रॉड आले. तेव्हा दोरीचा ताण दिसला, तर लष्करी परंपरेचे वाद्य असण्याचा संभव ध्यानात घ्यावा. मात्र अशी वाद्ये अलीकडेही बनतात. केवळ दोरी पाहून ड्रम शंभर वर्षांचा ठरवू नये.

आता ओळख पटवण्याची रीत एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहू. अमेरिकेतील शिकागो शहरी विल्यम लुडविग आणि त्यांचे बंधू थिओबाल्ड यांनी 1909 मध्ये ड्रमचा व्यवसाय सुरू केला. पायाने वाजवण्याच्या मोठ्या ड्रमसाठी त्यांनी बनवलेल्या सुधारित पेडलवर या व्यवसायाचा पाया घातला गेला. 1929 मध्ये तो कॉन या वाद्यनिर्मात्या कंपनीकडे गेला. 1937 मध्ये विल्यम लुडविग यांनी पुन्हा स्वतंत्र कारखाना काढला. पण आडनाव विकले गेलेले असल्यामुळे आपल्या ड्रमांवर त्यांना ‘डब्ल्यूएफएल’ ही आद्याक्षरे घालावी लागली. 1955 मध्ये त्यांनी आपले नाव परत विकत घेतले. 1964 च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकले, रिंगो स्टार यांच्या ड्रमवरचे लुडविग हे नाव घरोघरी पोहोचले आणि मागणीला पूर आला. 1981 मध्ये कंपनी सेल्मरकडे गेली आणि नंतर उत्पादन शिकागोहून नॉर्थ कॅरोलिनातील मन्रो येथे हलले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की तो ड्रमच्या बिल्ल्यावर लिहिलेला असतो. बिल्ल्यावर केवळ डब्ल्यूएफएल ही अक्षरे असतील, तर वाद्य साधारणपणे 1937 ते 1955 या काळातले. मन्रो हे गाव असेल, तर ते शिकागोच्या जमान्यातले नव्हे. 1963 च्या अखेरीपासून बिल्ल्यांवर अनुक्रमांक येऊ लागले. परंतु हे क्रमांकित बिल्ले कारखान्यात काटेकोर क्रमाने लावले जात नसत. त्यामुळे क्रमांकावरून अंदाज बांधता येतो, जन्मतारीख काढता येत नाही. त्याच काळातील अनेक लाकडी शेलांच्या आत मात्र शाईने तारखेचा शिक्का मारलेला सापडतो, आणि तो अधिक भरवशाचा साक्षीदार होय. म्हणून पुडी काढून शेलच्या आत डोकावल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

बिल्ल्यानंतर धातूची परीक्षा. शेलला लोहचुंबक लावून पाहावा. तो चिकटला तर पोलाद. न चिकटला तर पितळ किंवा अॅल्युमिनियम असण्याचा संभव. या दोहोंतला भेद हाताला जाणवतो, कारण पितळ बरेच जड. याच कंपनीचा ‘सुप्राफोनिक’ हा ड्रम प्रारंभी पितळी शेलवर क्रोमचा मुलामा देऊन बनत असे. 1963 च्या सुमारास त्या जागी अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आला. या धातूवर क्रोम नीट धरत नाही, कालांतराने त्यावर बारीक खड्डे व पोपडे येतात. दिसायला सारख्याच दोन ड्रमांपैकी पितळी ड्रम दुर्मीळ म्हणून महाग, आणि अॅल्युमिनियमचा ड्रम विपुल म्हणून तुलनेने स्वस्त. तरीही ध्वनिमुद्रणात अॅल्युमिनियमच्या ड्रमाने जे नाव कमावले ते लहान नाही. बाजारातील दुर्मीळता आणि नादाची गुणवत्ता ही दोन वेगळी मापे आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता मोलाकडे वळू. किंमत ठरवताना चार गोष्टी पाहतात : निर्माता व नमुना, दुर्मीळता, मूळपणा आणि अवस्था. यांपैकी मूळपणाच्या बाबतीत आपल्याकडे सर्वांत जास्त चुका होतात. पुडी आणि तारा या झिजणाऱ्या वस्तू. त्या बदललेल्या असल्या तर बिघडत नाही. प्लास्टिकची पुडी 1957 च्या सुमारास प्रचारात आली. त्याआधीच्या ड्रमवर ती दिसली, तर ती नंतर बसवलेली आहे एवढाच अर्थ घ्यावा. परंतु शेलला पाडलेले नवे भोक, नव्याने चढवलेला मुलामा, हरवलेला बिल्ला किंवा तारा ताणण्याचा बदललेला खटका यांमुळे संग्राहकाच्या दृष्टीने वाद्याचे मोल निश्चित उतरते.

सर्वांत मोठे नुकसान तर स्वच्छतेच्या उत्साहात होते. लुडविगचाच ‘ब्लॅक ब्यूटी’ हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला पितळी ड्रम पाहा. त्याच्या पितळेवर काळसर मुलामा देऊन वर नक्षी कोरलेली असे. नक्षीच्या रेषांतून सोनेरी पितळ डोकावत असे. असा ड्रम कोणी भांड्यासारखा घासून लख्ख केला, तर काळा रंग जातो आणि त्याबरोबर त्याची कीर्तीही जाते. चिंच, राख, पॉलिश यांना जुन्या वाद्यापासून दूर ठेवावे. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, तेवढे पुरे.

किमतीचा अंदाज घेताना विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नये. तशाच नमुन्याचे व्यवहार प्रत्यक्षात कोणत्या किमतीला पूर्ण झाले ते पाहावे. खरेदीस उत्सुक असलेल्या व्यापाऱ्याचेच मूल्यांकन अखेरचे मानू नये. शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, 1972 लागू होऊ शकतो आणि पुरावशेष खाजगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

प्रत्येक जुना ड्रम मोठ्या किमतीचा निघेल, असा भ्रम मी निर्माण करू इच्छित नाही. आपल्या बँडांतील पुष्कळशी वाद्ये मेरठसारख्या ठिकाणी बनलेली, साधी आणि कष्टाळू आहेत. परदेशी संग्राहक त्यांना विचारणार नाही. पण ज्या ड्रमच्या तालावर एखाद्या गावाच्या वराती निघाल्या किंवा एखाद्या शाळेच्या कित्येक पिढ्यांनी संचलन केले, त्या ड्रमचे मोल त्या गावाने आणि त्या शाळेने करायचे असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यांचे दालन ज्यांनी पाहिले असेल, त्यांना एका व्यक्तीच्या ध्यासातून केवढी ठेव उभी राहते हे सांगावयास नको.

तेव्हा माझी विनंती एवढीच. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही होण्यापूर्वी वाद्याचे आतून-बाहेरून छायाचित्र घ्यावे. बिल्ला, क्रमांक, शिक्का, धातू, व्यास आणि उंची यांची नोंद करावी. ते कोणी वाजवले, कोठून आले, हे सांगणारी वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. यासाठी अनुदान लागत नाही, अर्धा तास लागतो. एवढे करूनही वाद्य विकावे असे ठरले, तर खुशाल विकावे. मात्र काय विकतो आहोत हे जाणून विकावे.