मोटारीच्या पाठीवरची पट्टी



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. अशा माणसाने शर्यतीच्या मोटारींवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण मोटार श्रीमंताची असली, तरी तिच्या पाठीवरची पट्टी कारागिरानेच बसवलेली असते. आज तिच्याविषयीच बोलू.

वेगवान मोटारीच्या मागच्या कडेला उभी केलेली लहानशी पट्टी आपण पाहिली असेल. पुष्कळांना ती नुसती नटवेगिरी वाटते. पण मोटार वरून फुगीर असते, थोडीफार विमानाच्या पंखासारखी. वरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि मोटारीची पाठ उचलली जाऊ लागते. वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते. मागची चाके हलकी पडली की वळणावर मोटार गरकन फिरते. पट्टी ही उचल मोडते. शर्यतीच्या मोटारीवर तर विमानाचा पंखच उलटा करून बसवतात; तो तिला खाली दाबतो.

१९७१ साली अमेरिकेत फिनिक्स येथे डॅन गर्नी यांच्या मोटारीची चाचणी चालू होती. चालक होते बॉबी अन्सर. तीन दिवस खटपट करूनही वेग वाढेना. तेव्हा गर्नींना जुन्या मोटारींवरच्या पट्ट्या आठवल्या. तासाभराच्या आत एक पट्टी तयार करून ती मागच्या पंखाच्या कडेवर काटकोनात उभी केली. अन्सर फेऱ्या मारून आले. घड्याळाच्या हिशेबाने फायदा काहीच नव्हता. दुसऱ्या कोणी ती पट्टी भंगारात टाकली असती. पण अन्सरनी गर्नींच्या कानात सांगितले, की मागची चाके आता इतकी घट्ट धरतात की पुढचीच घसरतात. मग पुढच्या बाजूचा दाबही वाढवला आणि मोटार धावू लागली.

पट्टीच्या मागे हवेचे दोन उलटसुलट भोवरे होतात. त्यांच्या ओढीने पंखाखालची हवा शेवटपर्यंत चिकटून वाहते आणि मोटार अधिक दाबली जाते. पट्टीची उंची पंखाच्या रुंदीच्या शेकडा १ ते २ एवढीच! पुढे ती हेलिकॉप्टरांवरही गेली.

मौज अशी की, प्रतिस्पर्धी विचारीत तेव्हा गर्नी सांगत, मोटार ढकलताना माणसांच्या हातांना इजा होऊ नये म्हणून ही पट्टी आहे. काहींनी नक्कल करताना ती खाली वळवली आणि आपलेच नुकसान करून घेतले. हे वाचून आम्ही हसलो. मग मनात आले, कामगाराच्या हातासाठी मालक यंत्रावर पट्टी बसवतो, ही थाप आमच्याकडे कोणाला पटली असती काय?

१९९८ साली ऑडी टीटी ही मोटार आली. तिची गोल पाठ मोठी देखणी, पण पट्टी नव्हती. जर्मनीच्या महामार्गांवर भरवेगात एकाएकी बाजू बदलताना अपघात झाले, माणसे दगावली. त्यानंतर १९९९-२००० च्या सुमारास मोटारी परत बोलावून कंपनीने मागे पट्टी बसवली, चाकांच्या जोडणीत सुधारणा केली आणि घसरण आवरणारी यंत्रणाही दिली.

आम्ही काम करीत होतो त्या एका कारखान्यात प्रेसवरचा गडी सांगत होता, "साहेब, प्रेस डबल मारते." उत्पादनाचा आकडा पुरा होता, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. त्याची दोन बोटे गेली आणि दुसऱ्या दिवशी संरक्षक जाळी बसली. जाळी बसवायला अर्धा दिवसही लागला नाही.

घड्याळ आणि आकडा खोटे बोलत नाहीत, पण सगळे सांगतही नाहीत. उरलेले यंत्रावर बसलेल्या माणसालाच ठाऊक असते. येथे इंजिनिअर आणि सुपरवायझर मंडळी बसली आहेत. त्यांना एवढीच विनंती, की उद्या कामावर गेल्यावर त्या माणसाला जरा विचारा आणि तो हळू बोलला तरी ऐका.