हत्याराचा बाक आणि कामगाराचे मनगट

सपाट फळीवर तार पिळीत बसलेल्या कामगाराच्या हाताकडे क्षणभर लक्ष द्यावे. पकडीचे दांडे सरळ असल्याने तिचे तोंड तारेशी नेताना त्याला मनगट करंगळीच्या बाजूस मुरडावे लागते, आणि तशा मुरडलेल्या मनगटानेच तो जोर लावतो. दिवसातून शेकडो वेळा. सायंकाळी कोपरापासून बोटांपर्यंत हात ठणकू लागला की मुकादम म्हणतो, "नवा आहे, सवय होईल."

सवय होते ती दुखण्याची. बोटे मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपर व मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांच्या नऊ दोरीसारख्या कंडरा आणि एक मज्जातंतू मनगटातील अरुंद बोगद्यातून तळहातात उतरतात. मनगट सरळ असेल तर या दोऱ्या सुखाने सरकतात; वाकले की कडेला घासतात, मज्जातंतूवर दाब येतो आणि मुठीचा जोरही घटतो. तो भरून काढण्यासाठी कामगार मूठ अधिकच आवळतो. पुढे बोटे बधिर होतात, हातातली वस्तू निसटते, आणि दोष दिला जातो तो त्याच्या धांदरटपणाला!

अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात शिकाऊ कामगारांच्या दोन गटांची तुलना झाली. ती अर्विन टिचॉअर यांनी १९७६ मध्ये मांडली. एका गटाच्या पकडीचे दांडे सरळ, दुसऱ्याच्या पकडीचे वाकविलेले. बाराव्या आठवड्यापर्यंत पहिल्या गटातील निम्म्याहून अधिकांना हाताची दुखणी जडली. दुसऱ्यात दहांपैकी सुमारे एकाला. काम एकच होते. मनगटाचा बाक तेवढा लोखंडात गेला होता.

तथापि वाकडे हत्यार सर्वत्र हितकर, असे मात्र नव्हे. पिस्तुलासारख्या मुठीचा विजेचा स्क्रूड्रायव्हर कोपराच्या उंचीवर उभ्या भिंतीत स्क्रू बसविताना मनगट सरळ ठेवतो. त्याच उंचीच्या आडव्या मेजावर तोच मनगट वाकवितो, नाही तर खांदा उचलावयास लावतो. तेथे सरळ दांड्याचाच बरा. दांडा आखूड असेल तर त्याचे टोक तळहाताच्या मध्यभागी रुतते, ते वेगळेच.

हत्याराची खरेदी बहुधा ते न वापरणारा करतो, आणि किंमत पाहून करतो. निदान एक नग आधी कामाच्या जागी, कामाच्या उंचीवर, कामगाराच्याच हाती द्यावा आणि त्याचे मनगट पाहावे.